गिटारचा भरलेला टवका पुन्हा पुन्हा का निघतो?

माझ्या लाल इलेक्ट्रिक गिटारच्या खालच्या टोकाला, पट्टा अडकवायच्या बटणाला लागून, मसुराच्या डाळीएवढा टवका उडाला होता. दोन वर्षांत तो मी चार वेळा भरला. पहिल्यांदा भरलेला तुकडा अख्खाच्या अख्खा निघून हातात आला. दुसऱ्यांदा त्याच्याभोवती राख फासल्यासारखं पांढरं झालं. तिसऱ्यांदा काम इतकं छान जमलं की फोटो काढून चार जणांना पाठवले, आणि सहा आठवड्यांत ते मधोमध बशीसारखं खाली बसलं. चौथ्या खेपेला टिकलं.

साफ करा, भरा, घासा, चमकवा ही कृती सगळ्यांना पाठ असते, मलाही होती. भरलेलं निघतं का, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे इथे उलट्या बाजूने जाऊ. तुमचं काम कसं फसलंय ते नीट बघा, कारण तिथेच दिसतं.

वरचा थर कशाचा आहे?

हे कळल्याशिवाय बाटली उघडायची नाही. हल्लीच्या बहुतेक गिटारांवर, विशेषतः स्वस्त आणि मधल्या किमतीच्या, पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड, कडक थर असतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर जुन्या आणि काही महागड्या गिटारांवर मिळतं. गिटार बनवणाऱ्या कंपन्यांपैकी फेंडरने 1960 च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरची वाट धरली, गिब्सन आजही नायट्रो, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, मारते. आपल्याकडे वाद्याचं पॉलिश म्हटलं की मिरजेच्या तंबोऱ्यावरचं लाखेचं पॉलिश आठवतं, पण इलेक्ट्रिक गिटारवर ते सहसा नसतं.

ओळखायचं कसं? टवका बघा. पॉलीचा (पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन दोन्हींना पुढे पॉलीच म्हणतो) थर काचेसारखा फुटतो. कड उभी राहते आणि नख फिरवलं की अडकतं. नायट्रो पातळ असतं, ते फुटण्यापेक्षा झिजतं. तरी शंका राहिली तर गिटारची मान जिथे बसते तो स्क्रूंचा जोड सोडवा आणि आतल्या न दिसणाऱ्या रंगावर ॲसिटोनचा थेंब लावलेली कापसाची काडी क्षणभर टेकवा. रंग चिकट झाला, काडीला आला, तर नायट्रो. काहीच झालं नाही तर पॉली. ॲसिटोन प्लॅस्टिक खातं, म्हणून तो पिकगार्ड (तारांखालची प्लॅस्टिकची पट्टी) आणि नॉबच्या आसपासही नको.

पुढचं बहुतेक सगळं पॉलीबद्दल आहे. नायट्रोवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

तुकडा अख्खा निघाला

पहिल्या वेळी मी भाचीच्या नेलपॉलिशच्या बाटल्यांतून नेमका लाल शोधला आणि थेट टवक्यात ओतला. वाळल्यावर दोन फुटांवरून काही कळत नव्हतं. गणपतीत एका मंडळाच्या ऑर्केस्ट्राला वाजवत होतो, मध्येच पट्टा ओढला गेला आणि काहीतरी टिचकी मारल्यासारखं वाटलं. घरी येऊन बघतो तर टवका पूर्ववत, आणि लाल नखासारखा तुकडा गिटारच्या पिशवीत.

त्या तुकड्याची खालची बाजू बघितली आणि गोम कळली. ती काचेसारखी गुळगुळीत होती. म्हणजे तो कशालाच धरून नव्हता, नुसता खळग्यात ठेवलेला होता. नेलपॉलिश म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोजच, ॲसिटेट जातीच्या द्रावकांत विरघळवलेलं. नायट्रोच्या गिटारवर ते द्रावक खालच्या थराला जरा मऊ करतात, दोन्ही एकमेकांत मुरतात. पॉलिएस्टर एकदा कडक झाला की असल्या द्रावकांना दाद देत नाही. तिथे पकड मिळते ती फक्त खरखरीतपणामुळे, आणि मी एक रेघसुद्धा ओरखडली नव्हती.

त्यात आणखी दोन चुका होत्या. एक, मी गिटार गाडीच्या डॅशबोर्डच्या पॉलिशने पुसायचो. चमकते छान! पण असल्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकोन असतं, आणि सिलिकोन बसलेल्या जागेवर काहीही टिकत नाही. रंग लावला की तव्यावरच्या पाण्यासारखा बाजूला पळतो. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. टवक्याच्या कडेला एक फिकट, चंद्रकोरीसारखी पट्टी दिसत होती. ती मला सावली वाटली. ती सावली नसते. तिथे थर लाकडापासून सुटलेला असतो आणि खाली हवा शिरलेली असते. सुटलेल्या कडेला तुम्ही कितीही चांगलं काही चिकटवा, ती कड स्वतःच निघणार आणि भरलेलं घेऊन जाणार.

म्हणून आता मी टवका आधी मोठा करतो. ऐकायला वेडेपणा वाटतो. टवक्यावर चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटकन ओढायची, दोन-तीनदा. जे निघायचं आहे ते आत्ताच निघू दे. मग धारदार ब्लेडच्या टोकाने फिकट पट्टी संपेपर्यंत कड खरवडायची आणि उभी कड आतल्या बाजूला थोडी उतरती करायची. मसुराचा वाटाणा झाला तरी चालेल. पट्टी मोठी असेल, थर काढवत नसेल, तर दुसरा उपाय म्हणजे अगदी पातळ सुपरग्लूचा एक थेंब कडेला टेकवणं. केशाकर्षणाने तो थराखाली ओढला जातो आणि फिकटपणा डोळ्यांदेखत नाहीसा होतो. फिकटपणा गेला नाही तर गोंद आत गेलेला नाही, असं समजायचं.

नंतर घामाचं मीठ काढायला किंचित ओल्या फडक्याला साबणाचा थेंब, आणि वाळल्यावर तेलकटपणा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

पांढरं पडलं

दुसऱ्या खेपेला शहाणा होऊन सुपरग्लू आणला, म्हणजे आपण सगळे ज्याला सरसकट फेविक्विक म्हणतो तो प्रकार. तोच गोंद इथे योग्य आहे, माझा महिना चुकला. जुलै होता. आठ दिवस ऊन नव्हतं, खोलीत वाळत घातलेले कपडे आणि भिंतीला ओल. सकाळी उठून बघितलं तर टवक्याभोवती बोटभर पांढरट धुकं.

सुपरग्लू वाळत नाही, तो हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. ओलावा हीच त्याची चावी. थोडा ओलावा हवाच, पण फार झाला तर वरचा पापुद्रा झटकन धरतो. शिवाय गोंदातून उडालेली वाफ शेजारच्या पृष्ठभागावर बसते आणि तिथेच घट्ट होते. तीच ती राख. जाड थेंब टाकला आणि हवा कोंडलेली असली की हमखास होतं. गोंद लवकर धरावा म्हणून मिळणारा फवारा जास्त मारला तर त्यानेही पांढरं पडतं, कधी आत बुडबुडे येतात.

हे मी आमच्या गल्लीत फर्निचरचं काम करणाऱ्या मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. "पावसाळ्यात पॉलिशचं काम घेतच न्हाई आमी. पांढरं पडतंय वो. मग तुमी म्हणणार, माल खराब." त्यांचं पांढरं वेगळं. लॅकर किंवा लाखेतलं द्रावक भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थरात अडकतं. कारणं दोन, पण खापर दोन्हीकडे एकाच आभाळावर.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात हा प्रश्न गावागणिक बदलतो. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडे किंवा खानापुरात पावसाळ्यात हे काम काढूच नका. अथणीकडच्या कोरड्या हवेत उलटं होतं, गोंद धरायला वेळ लावतो आणि माणूस कंटाळून लवकर घासायला बसतो. आम्ही बेळगावकर मधले. इथे दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसातच करायची वेळ आली तर भर दुपारी, दारं-खिडक्या उघड्या, पंखा हळू आणि थेट गिटारवर नाही अशा बेताने, आणि गोंद टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच. हवा हलती राहिली की वाफ बसत नाही.

पांढरं झालंच असेल तर घाबरून सगळं खरवडू नका. आधी बघा, पांढरं वर आहे की आत? वरचं असेल तर पॉलिशिंग कंपाउंडने दोन मिनिटांत जातं. बोटाला किंचित पाणी लावून त्या जागेवर फिरवल्यावर क्षणभर नाहीसं झालं, तर ते वरचंच. तरीही दिसत राहिलं तर ते थरात आहे, आणि तो थर काढावा लागेल.

खाली बसलं

तिसरी वेळ डिसेंबरची. हवा कोरडी, कड खरवडलेली, सगळं साफ. तरी फसलं, आणि हे अपयश सगळ्यांत लबाड, कारण ते उशिरा कळतं.

मी खाली नेलपॉलिशचा जाड थर दिला होता, तासाभराने वर सुपरग्लू भरला आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट केला. नेलपॉलिश वरून वाळलं होतं, आतून नव्हतं. त्यावर गोंदाचं झाकण बसलं, आतलं द्रावक बाहेर पडायला आठवडे घेत राहिलं, आणि जसजसं ते उडालं तसतसा थर आकसला. वरचं झाकण त्याच्याबरोबर खाली गेलं.

यावर उपाय म्हणजे रंग कमी आणि धीर जास्त. रंगाचा थर फक्त लाकूड झाकण्यापुरता, आणि त्यानंतर निदान एक दिवस, थंडीत दोन दिवस गिटारकडे फिरकायचं नाही. मग गोंद पातळ थरांत, प्रत्येक थराला काही तास. खळगा अर्धा मिलिमीटर खोल असला तरी मला चार-पाच थर लागतात. शेवटचा थर आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर, नख फिरवल्यावर बारीक टेकाड लागेल इतका. मग पुन्हा एक-दोन दिवस.

एक सावधगिरी, माझा हात भाजता भाजता वाचलाय म्हणून. ओला सुपरग्लू कापसाने किंवा सुती फडक्याने टिपायचा नाही. कापसावर तो इतक्या वेगाने धरतो की चटका बसेल एवढी उष्णता निघते, धूरही येतो. दातकोरणं किंवा टाचणी वापरा. सांडला तर पुसायचा मोह टाळा, धरू द्या, मग खरवडा. डोळ्यांना चष्मा, आणि वाकून अगदी नाक लावून बघत बसू नका.

ब्लेडची युक्ती

टेकाड सपाट करणं हे खरं कामाचं ठिकाण. बहुतेक जण इथे थेट पॉलिश पेपर घेतात आणि टेकाडाबरोबर शेजारचा चांगला रंगही घासून काढतात. मग टवका भरलेला असतो, पण त्याच्याभोवती उथळ थाळी तयार होते आणि उजेडात ती टवक्यापेक्षा जास्त दिसते.

दाढीचं साधं दुधारी ब्लेड घ्या. धारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा एकेक वेढा द्या, मध्ये फक्त टवक्याच्या रुंदीएवढी, चार-पाच मिलिमीटर धार उघडी ठेवा. पट्टी गिटारच्या चांगल्या रंगावर टेकते, त्यामुळे धार पृष्ठभागापासून पट्टीच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरचा वीसावा हिस्सा असेल, वर राहते. ब्लेड जवळजवळ उभं धरायचं, दोन बोटांनी अगदी किंचित वाकवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. पुढे ढकलायचं नाही, रुततं. गोंदाची भुकटी निघायला लागते. भुकटी यायची थांबली की टेकाड पट्टीच्या जाडीएवढंच उरलं. इथे थांबायचं. मी पहिल्यांदा थांबलो नव्हतो, आणि वळणदार कडेवर ब्लेडचा कोपरा रुतून नवीन रेघ पडली. म्हणून सांगतो, कडेवरचा टवका असेल तर आधी सपाट भागावरच्या एखाद्या बारक्या टवक्यावर हात बसवून घ्या.

उरलेलं पेपरचं काम. ऑटोमोबाईल रंगाच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो, उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागात तर नंबर सांगायचा अवकाश. 1000, 1500, 2000 असे तीन पुरेत. बोटाने घासायचं नाही, बोट खळग्यात शिरतं. खोडरबराचा छोटा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि पाणी फक्त पेपर ओला राहील इतकंच. दर दहा-बारा हातांनी पुसून तिरक्या उजेडात बघा. चमकता खड्डा दिसतोय तोवर ती जागा खोल आहे. सगळीकडे सारखी धुरकट झाली की पुढचा नंबर. 2000 नंतर गाडीचं रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश, सिलिकोन नसलेलं.

पाण्याबद्दल इतकं का बजावतो? गिटारला स्क्रूची भोकं असतात. त्यांत पाणी गेलं की आतलं लाकूड फुगतं आणि भोकाभोवती थराला भेगा पडतात. एक टवका बुजवताना तीन नवे. जवळची भोकं आधी मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद करा.

रंग जुळवण्याचं

याला लोक फार वेळ देतात, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. दोन फुटांवरून डोळ्यांना आधी पातळी खुपते, रंग मागाहून. काळा सगळ्यांत सोपा, पण पर्मनंट मार्करने भरू नका. गोंदाखाली त्याची शाई पसरते आणि जांभळट झाक येते. काळा ॲक्रेलिक घ्या. पांढऱ्या गिटारचा पांढरा कधीच शुद्ध पांढरा नसतो, त्यात पिवळा आणि सुईच्या टोकाएवढा तपकिरी लागतो. ॲक्रेलिक वाळल्यावर गडद होतो, म्हणून गिटारवर अंदाज घेऊ नका. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठिपके द्या, वाळू द्या, मग तो तुकडा टवक्याशेजारी धरून अंगणात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात परका वाटतो. गणपती रंगवणारे मूर्तिकार शेवटचा हात दिवसाउजेडी का मारतात, हे मला तेव्हा कळलं.

मेटॅलिक रंग घरी जुळत नाही. सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद होत जाणारा रंग) किंवा लाकूड दिसणाऱ्या गिटारवर रंग घालूच नका, नुसता पारदर्शक गोंद भरा. टवका दिसेल, पण खुपणार नाही.

नायट्रोवाल्यांनी सुपरग्लूऐवजी फर्निचरवाल्यांकडे मिळणारं एनसी (म्हणजे नायट्रोसेल्युलोजच) लॅकर त्याच्याच थिनरमध्ये पातळ करून थेंबाथेंबाने भरावं. प्रत्येक थर खालच्यात विरघळून एक होतो, कडेची रेघ उरत नाही. ही सोय पॉलीला नाही. मात्र ते आठवडेच्या आठवडे आकसत राहतं. भरल्यावर तीन-चार आठवडे थांबून मगच सपाट करा, आणि पावसाळ्यात नाहीच. गिटार जुनी, खरोखर किमती असेल तर टवका आहे तसा राहू द्या. तिथे घरगुती दुरुस्तीने किंमत घटते.

आणि बटण

चौथ्या वेळी सगळं वरच्याप्रमाणे केलं. भरायच्या आधी मात्र एक गोष्ट सहज हाताला लागली. पट्ट्याचं बटण हलत होतं. फार नाही, केसभर. गिटार खांद्यावर घेतली की ते खाली झुकायचं आणि त्याची पितळी कड नेमकी टवक्याच्या काठावर दाबायची. म्हणजे तो टवका गिटार भिंतीला आपटून उडालेला नव्हताच, जसं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. रोज रियाझाला उभं राहिलं की बटण तो पोखरत होतं, आणि मी वरून भरत होतो.

स्क्रू काढला, भोकात आगपेटीच्या दोन काड्या, गूल तोडून, लाकडाच्या गोंदात बुडवून ठोकल्या, रात्रभर ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा पिळला. भोकाच्या तोंडाशी रंगाची कड जाड ड्रिल बिट हातानेच फिरवून जराशी उतरती केली, म्हणजे स्क्रू पिळताना थर उचलला जाणार नाही. बटणाखाली घालायला फेल्टची चकती हवी होती. ती पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी कातरणातून कापून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "एवढ्याशा चिंधीचं काय घेऊ? पण त्या गिटारीला म्हणावं, आता तरी सुरात वाज की."